लाख ओळी, बारावा सोमवार

कर्णिकसाहेबांनी मीटिंग नेमकी सोमवारी ठेवल्याचं मला शनिवारी कळलं. सोमवारी दिवेलागणीपर्यंत माझं मौन असतं, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. साधं मौनही नव्हे. खूण करायची नाही, चिठ्ठी लिहायची नाही, मानसुद्धा हलवायची नाही. समोरचं काम करावं, कुणाला काही कळवू नये. सोळा सोमवार धरले होते, त्यातला हा बारावा.

धरले होते ते ह्यांच्यासाठी. हे डोंबिवलीला औद्योगिक वसाहतीच्या फेज टूमध्ये, रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर. आषाढात तिथल्या रिॲक्टरची, म्हणजे रंग शिजतो त्या बंद टाकीची, उष्णता एकाएकी वाढली. गार पाण्याचा व्हॉल्व हाताने फिरवेपर्यंत झाकणाखालून उकळता माल उडाला. ह्यांच्या पाळीतल्या गणूचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. हे त्याच्या मागे तीन पावलांवर होते. तीन पावलं! त्या संध्याकाळी मी देवापुढे बसले आणि संकल्प सोडला.

त्यानंतर कारखान्याने व्हॉल्व आपोआप उघडणारं यंत्र मागवलं, ते ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या आमच्याच कंपनीकडून. आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे दोघंच, मी आणि कुंडलिक जाधव. चाचणीत यंत्र चाललं, पण उष्णता वाढल्यापासून व्हॉल्व हलेपर्यंत अडीच सेकंद जात. यंत्रात परदेशातून आणलेली ऑपरेटिंग सिस्टिम होती. ती आधी पडदा रंगवी, मग तक्ते छापी, मग फाइली लिही, आणि सवडीने व्हॉल्वकडे बघे. अडीच सेकंदांत काय होतं ते गणूच्या हातांना विचारावं.

“ताई, फेकूनच देऊ ना ती,” शनिवारी कुंडलिक म्हणाला. “मी काल गेलेलो फॅक्टरीत, बघितलं सगळं. अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम असेम्ब्लीत लिहू. मधे दलाल नको, थेट प्रोसेसरच्या कानात बोलायचं.”

असेम्ब्ली ही प्रोसेसरच्या अगदी जवळची भाषा. हा आकडा उचल, तिथे ठेव, त्यात एक मिळव. एका ओळीत एकच हालचाल. वेग विलक्षण, पण एरवी एका ओळीत होणाऱ्या कामाला पाच-सहा ओळी लागतात.

“किती ओळी होतील रे?”

“लाखभर. मी रोज चारशे, तुम्ही रोज चारशे. चार महिन्यांत खल्लास.”

“रोज चारशे?”

“उपासाच्या दिवशी तीनशे धरा, चालेल आपल्याला,” म्हणून हसला. त्याचं हसणं निर्मळ होतं, म्हणून तर मला पुढे काही बोलवेना.

दिवसाला आठशे, चार महिने, एक लाख. हा हिशेब मला नवा नव्हता. आदल्या चातुर्मासात मी लक्षवात केली होती. देवापुढे जाळायला एक लाख वाती, सगळ्या स्वतः वळलेल्या. रोज साडेआठशे वळल्या की झालं, असं मांडून बसले. महिन्यातले चार दिवस कापसाला हात लावायचा नसतो, ते धरायचे राहिले. श्रावणातल्या दमट हवेत कापूस वळत नाही, तेही राहिलं. मग नणंदेचं बाळंतपण निघालं. कार्तिकीला संपायची ती लक्षवात माझी चैत्रात संपली. आणि वात वाकडी झाली तरी जळते हो. असेम्ब्लीतली वाकडी ओळ लाखात कुठेतरी गप्प बसून राहते, आणि नको त्या दिवशी उठते.

मी कुंडलिकच्या वह्या काढल्या. नुसती लिहिलेली नव्हे, चुका काढून पुरी केलेली असेम्ब्ली मोजली. रोजच्या तीस ओळी पडत होत्या. माझ्याही तेवढ्याच. दोघांना मिळून साडेपाच वर्षं.

चार महिन्यांचा आकडा कुंडलिकने साहेबांना आधीच दिला होता. कागद घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले.

“सरोजबाई, जरा मोठ्याने बोला. तुमचं बोलणं म्हणजे उदबत्तीचा धूर.”

“होणार नाही, साहेब. चार महिन्यांत नाही.”

“मी कारखान्याला शब्द देऊन बसलोय. सोमवारी त्यांची माणसं येतायत, तेव्हा बोलू.”

“सोमवारी माझं…”

“अरे हो, मौन! असू दे, असू दे. नुसत्या बसा.”

त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काही दिसलं. वार चुकून ठरलेला नव्हता.

रविवारी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी चपलेचा अंगठा शिवून संपवला. मग म्हणाले, “व्रतही माझ्यासाठीच, यंत्रही माझ्यासाठीच. मी काय सांगणार तुला?”

मीटिंगला कारखान्याकडून धाकू म्हात्रे आले. ह्यांच्या पाळीचे फोरमन, डोंबिवलीच्या जुन्या गावठाणातले. चहा झाला. साहेबांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘चार महिने’ लिहिलं.

“संपूर्ण नवी सिस्टिम. कुंडलिक आणि सरोजबाई लिहिणार, एकमेकांचं तपासणार. त्यांचीही काही हरकत नाही. काय सरोजबाई?”

मी टेबलाकडे बघत राहिले. माझ्या न बोलण्याचा तिथे होकार केला जात होता, आणि मी तो करू देत होते. बोलले तर अकरा सोमवार वाया, आणि ज्यांच्यासाठी धरले त्यांचं काय होईल कोण जाणे. न बोलले तर घाईघाईत लिहिलेल्या लाख ओळी, आणि त्यांच्यापासून तीन पावलांवर हे. शंकराचं नाव घेऊ लागले, तर तेही पुढे सरकेना.

म्हात्रे माझ्याकडेच बघत होते. “बाय, तू तानाजीची बायको ना? त्या रिॲक्टरजवल आमी उभे रातो, हे सायेब नाय. तू सांग, व्हईल का?”

“त्यांचं आज मौन असतं,” साहेब घाईने म्हणाले, “धार्मिक बाब आहे, आपण…”

“होणार नाही,” मी म्हणाले.

सकाळपासून न वापरलेला आवाज फाटका निघाला, पण खोलीभर ऐकू गेला. “लाख ओळींना आम्हाला साडेपाच वर्षं लागतील. चार महिन्यांत लिहून दिलं, तर ते रिॲक्टरला जोडू नका.”

कुंडलिकचा चेहरा उतरला. “मला का नाही सांगितलं, ताई? साहेबांना सांगितलं, मला नाही?”

“चुकलंच माझं. आधी तुला सांगायला हवं होतं.”

साहेब उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. म्हात्र्यांनी बशी बाजूला सारली. “मंग काय व्हईल, ते सांग.”

“पडदा, तक्ते, फाइली आहेत तशा राहू देत. त्यांना उशीर झाला तर कुणाचा हात भाजत नाही. नुसतं ठरल्या क्षणी उष्णता तपासायला लावणारं घड्याळ आणि व्हॉल्व एवढंच असेम्ब्लीत घेऊ. उष्णता हद्दीबाहेर गेली की बाकीचं सगळं जिथल्या तिथे थांबेल, आधी पाणी सुटेल. बाराशे ओळी. एकाने लिहायच्या, दुसऱ्याने वाचायच्या. दीड महिना लिहायला, उरलेले दिवस तपासायला.”

कुंडलिक पेन्सिल फिरवत बसला होता. वर न बघता म्हणाला, “बाराशेत नाही बसणार. पंधराशे धरा.”

आकडा वाढवून सांगताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

घरी सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं. “मोडलं ना? मग पहिल्यापासून.” एवढंच म्हणाल्या, आणि खिचडी वाढली. पुढच्या सोमवारी मी पहिला सोमवार धरला.

पंधराशेच्या सोळाशे ऐंशी ओळी झाल्या. कुंडलिक लिही, मी पोथीसारखं ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाची, आणि बोट अडखळलं की तो पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावी. यंत्र जोडायचा दिवस कारखान्याने ठरवला, तो नेमका माझा सोळावा सोमवार निघाला. कुंडलिक तिकडे गेला. मी रजा घेऊन घरी राहिले. ह्यांची पहिली पाळी होती.

तीनला सुटणारा माणूस चार वाजले तरी आला नव्हता. नऊशे सोळावी ओळ मला आठवत राहिली. ती मी दोनदाच वाचली होती, तिसऱ्यांदा वाचायची राहिली होती. सव्वापाचला कडी वाजली. हे आत आले, चपला काढल्या, मोरीवर गेले. पाण्याचा आवाज येत राहिला. मी दारात उभी, विचारता येत नव्हतं.

“काय गं, आज काही विचारायचं नाही वाटतं?” हे टॉवेल शोधत म्हणाले.

मी त्यांच्या हातांकडे बघत होते. त्यांच्या ते लक्षात आलं. चेष्टा थांबली. ओले हात त्यांनी माझ्यापुढे धरले, उलटे करून दाखवले, मग पुन्हा सुलटे.

“कुंडलिकने टाकी तीनदा तापवली. तिन्ही वेळा तोंडातून ‘अरे’ निघायच्या आत पाणी. उद्यापासून खरा माल घालणार.”

दिवेलागणीला अजून तासभर होता. मी आत जाऊन चहा गाळला, तर अर्धा ओट्यावरच सांडला.