खिळ्यावरची टायमिंग चेन

मी चेन बोलतेय. अहो, मागच्या चाकाकडे काय बघताय? ती नव्हे! तिचे लाड सगळेच करतात. तिला ब्रशने घासतात, तेल पाजतात, चिखल लागला की पुसतात. मी आतली. इंजिनाच्या पोटात, एका कुशीला, अंधारात राहणारी टायमिंग चेन. गाडी चालवणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना मी आहे हेच ठाऊक नसतं.

माझं काम सांगते. खाली पिस्टन वरखाली नेणारा क्रँक फिरतो, वर व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा कॅम फिरतो, आणि दोघांना बांधून ठेवते मी. पिस्टन अगदी वर यायच्या आत व्हॉल्व्ह मिटलेला हवा. जागा एकच, आणि दोघंही आडदांड. "तू हो पुढे, तू थांब जरा," असं मिनिटाला हजारो वेळा करत मी त्यांची टक्कर टाळत असे. कधी कोणी शाबासकी दिल्याचं आठवत नाही.

माझा मालक बेकरीवाला. बेकरी त्याची नव्हे, तो फक्त माल पोचवायचा. पहाटे भट्टीवरून पावाचे क्रेट मागे बांधायचा, किक मारायचा आणि म्हणायचा, "चल गं बाई." तो गाडीला म्हणायचा, पण मी ते माझ्यासाठीच आहे असं धरून चालायची. आतून मला दिसत काहीच नव्हतं. सगळं जग मी कानांनी ओळखलं. त्याचा खोकला, दुकानांची शटरं, चढावर दमलेला श्वास. माणूस सरळ होता. ऑइल वेळेवर बदलायचा. त्याच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटणार नाही.

साठ हजार किलोमीटरनंतर मी ढिली पडले. लोक म्हणतात, चेन ताणली. मी काय रबर आहे ताणायला? माझा एकेक सांधा केसभर झिजतो. असे शंभरावर सांधे. सगळे केस एकत्र केले की मी बोटभर लांब होते, आणि मग आतल्या भिंतीवर आपटायला लागते. खळ्‌खळ्‌, खळ्‌खळ्‌. ती माझी हाक असते. दुसरी भाषा मला येत नाही.

बेकरीवाल्याने ती ऐकली, आणि त्याच आठवड्यात गाडी मिस्त्रीकडे नेली.

हा मिस्त्री म्हणजे बडं प्रस्थ. लांबलांबून लोक गाड्या घेऊन यायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा, डोळे मिटायचा आणि रोग सांगायचा म्हणे. चाळीस वर्षं त्याचा शब्द खाली पडला नव्हता. मला वाटलं, सुटले! एवढा जाणता कान दाराशी आलाय, आता काय चिंता?

टोक माझ्या अगदी जवळ टेकलं. मी जीव तोडून वाजले.

"टॅपेट," मिस्त्री म्हणाला. "बाकी एकदम ठणठणीत."

व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट आवळले, गाडी परत गेली. मी म्हटलं, होते चूक एखाद्या वेळी. माणूसच आहे.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा त्याच्या दारात. आता चढावर गाडी दम सोडत होती. कॅम माझ्यामुळे मागे पडत होता, व्हॉल्व्ह उशिरा मिटत होते. "मिस्त्री, सकाळी आवाज फारच येतो हो," बेकरीवाला म्हणाला. मिस्त्री त्याला कार्बोरेटरबद्दल काहीतरी समजावत होता. तेवढ्यात त्याच्या पाठीमागे लोखंडी पान्यांचा डबाच्या डबा फरशीवर कोसळला. ठणाण! बेकरीवाला "अरे बापरे" म्हणत दचकला. काउंटरवर बसणारी मिस्त्रीची मुलगी "आई गं!" म्हणाली. मिस्त्रीचं वाक्य मात्र तसंच पुढे चालू राहिलं. त्यात खंड पडला नाही, तो अडखळलासुद्धा नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ज्याच्या कानावर गावाने भरवसा टाकला होता, तो कान मेला होता. आणि हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर तो समोरच्याचे ओठ वाचून भागवत असणार, आणि हल्ली स्वतःच जास्त बोलायचा. गप्प बसलं की ऐकावं लागतं ना!

तिसऱ्या खेपेला मी इतकी वाजत होते की रस्त्यावरची माणसं "काय वाजतंय?" म्हणून विचारायची. मिस्त्रीने पुन्हा स्क्रूड्रायव्हर लावला. मग काउंटरवरून मुलगी उठून आली. तिच्या हातातलं प्लॅस्टिकचं पाकीट चुरचुरलं.

"बाबा, टायमिंग चेन आहे. इथपर्यंत ऐकू येतंय. ही नवी काढलीय, बदलून टाका."

"तू मला शिकवणार? ठेव ती जागेवर!"

"बाबा, अहो, पण…"

"चाळीस वर्षं हा कान चाललाय! तुझ्या जन्माआधीपासून!" मग बेकरीवाल्याला म्हणाला, "जाड ऑइल घाल. आवाज बंद होईल."

बेकरीवाला घुटमळला. "मिस्त्री, नक्की ना? चढावर भीती वाटते."

"मी सांगतोय ना!"

बेकरीवाला गाडी घेऊन गेला. पाकीट फळीवर गेलं. मुलगी काउंटरवर परतली. बापाला चारचौघांत बहिरा कसं म्हणायचं, हे तिचं दुखणं मला कळतं. पण त्या दिवशी कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

नऊ दिवस काढले मी. दहाव्या सकाळी क्रेट भरलेले, चढाचं वळण, आणि कॅमच्या चाकाचे दात माझ्या पकडीतून सुटले. एक, दोन, तीन. पिस्टन वर आला, व्हॉल्व्ह अजून उघडाच. दोघं आदळले. इंजिन जागच्या जागी बंद पडलं. गाडी कलली, आणि सगळ्या मालासकट बेकरीवाल्याच्या पायावर पडली. त्याची किंकाळी मी आतून ऐकली. घोट्याचा चुरा झाला.

आता मी बाहेर आहे. मिस्त्रीनेच इंजिन उघडलं, वाकडे व्हॉल्व्ह काढले आणि मला पेट्रोलमध्ये धुऊन भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. शेजारी नवी चेन लावली. मी तिच्यापेक्षा बोटभर खाली लोंबते. गिऱ्हाइकांना दाखवायला बरं पडतं म्हणे. पहिल्यांदाच उजेड बघितला, आणि बघितलं ते हे.

दोन महिन्यांनी बेकरीवाला काठी टेकत आला. आता त्याला किक मारता येणार नाही. गाडी विकायची होती. तो माझ्यासमोर येऊन थांबला. मला वाटलं, आता बोलेल. तीन फेऱ्यांचा जाब विचारेल. आणि हा भला माणूस म्हणतो कसा, "चूक माझीच, मिस्त्री. चौथ्यांदा यायला हवं होतं."

तो हळूच बोलला होता. तरी एवढं मात्र मिस्त्रीला पहिल्या फटक्यात ऐकू आलं.

"हो," तो म्हणाला. "यायला हवं होतंस."

मुलगी काउंटरवर बिलबुक चाळत बसली होती. तिने मान वर केली नाही.

तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्या गाडीतून माझी कुणी बहीण वाजायला लागली, तर तुमच्या स्वतःच्या कानावर विश्वास ठेवा. बेकरीवाल्याला बरोबर ऐकू येत होतं हो! त्याला फक्त ते खरं वाटलं नाही.

काल वारा सुटला आणि मी खिळ्यावर वाजले. खळ्‌खळ्‌. मुलीचा हात थबकला. मिस्त्री माझ्याखालीच उभा होता, एका नव्या गिऱ्हाइकाला स्क्रूड्रायव्हरने माझ्याकडे दाखवत. त्याला काही ऐकू आलं नाही.

"ही बघ," तो म्हणत होता, "तीनदा सांगितलं होतं मी त्याला."