गियरचा बोल्ट

"अरे, इंजिन छान चालू आहे, पण गाडी जागची हलेना," काकू सांगत होत्या. "घरून नीट निघाली आणि चौकात सिग्नलला जी रुसून बसली ती बसलीच. चार भल्या माणसांनी ढकलत तुझ्या गॅरेजच्या दारात आणून सोडली."

स्टिअरिंगमागून काकूंचे यजमान, उस्ताद, उतरले. गियरवाल्याने घाईघाईने हात पुसले. ऑटोमॅटिक गियरची कामं करतो म्हणून सगळे त्याला गियरवाला म्हणत. पण पान्हा धरायला त्याला याच उस्तादांनी शिकवलं होतं. आता ते घरीच असत. या जुन्या गाडीला मात्र अजूनही दुसऱ्याचा हात लागू देत नसत. सवतीचेसुद्धा इतके लाड कुणी केले नसतील, असं काकू म्हणायच्या.

गियरवाल्याने गियर 'डी'वर टाकला. इंजिन गुरगुरलं, गाडी ढिम्म. रिव्हर्सलाही तेच. सगळेच गियर एकदम गेले म्हणजे आत दाब नाही, आणि दाब नाही म्हणजे बहुधा तेलच नाही. त्याने गियरचं तेल मोजायची पट्टी ओढली. टोकाला जेमतेम लालसर ओल होती. गाडीखाली वाकून पाहिलं, तर गळतीचा मागमूस नाही. मग काहीतरी मनात येऊन त्याने इंजिनच्या तेलाचीही पट्टी काढली. तेल खुणेच्या कितीतरी वर चढलेलं.

त्याने पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहिली. तेच.

"तेल कधी बदललंत, काकू?"

"काल. यांनीच. दुसऱ्या कुणाला करू देतात होय?"

गाडीखाली दोन बोल्ट असतात. एकातून इंजिनचं जुनं, काळपट तेल सोडायचं, दुसऱ्यातून गियरचं, ते लाल असतं. उस्तादांनी गियरचा उघडला होता आणि वरून नवं तेल इंजिनात ओतलं होतं. अगदी नवशिक्याची चूक. पहिल्याच आठवड्यात ती करायला निघालेल्या गियरवाल्याच्या पाठीत उस्तादांनी सणसणीत धपाटा घातला होता.

"सील गेलंय, उस्ताद," तो म्हणाला. "जुनी गाडी, चालायचंच."

"सील गेलं, मग डाग कुठाय?"

"वाटेत गळालं असेल."

"एवढं गळालं आणि खालून गाडी कोरडी ठणठणीत? हेच शिकवलं का मी तुला? आण ती पट्टी इकडे." त्यांनी पट्टी निरखली. "आता दुसरी."

दोन्ही पट्ट्या हातात धरून ते नुसतेच उभे राहिले.

"लाल होतं," मग ते हळूच म्हणाले. "डब्यात पडताना दिसलं मला. लाल का, तेवढं काही आठवलं नाही."

काकूंनी त्यांचा हात धरला. "शेजारी शेजारी असतील बोल्ट. होते चूक."

"मागे घराची वाट चुकलो, तेव्हाही तू हेच म्हणालीस."

गियरवाला गाडीखाली शिरला. तिथे निदान डोळे पुसायला आडोसा होता. इंजिनचं जादा तेल त्याने काढलं, गियरमध्ये नवं भरलं. जळका वास नव्हता. गाडी वेळेवर थांबली म्हणून आतल्या प्लेटा वाचल्या होत्या. गियर टाकताच हलकासा हिसका बसला आणि गाडी सरकली.

"चला उस्ताद, एक चक्कर मारून बघा."

"ही मारेल."

"मी?" काकू दचकल्या. "लायसन्स काढून दिलंत तेवढंच. किल्लीला कधी हात लावू दिलात?"

"आज बोल्ट चुकला. उद्या ब्रेक चुकेल. बस तू."

काकूंनी सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला वळवला. उस्ताद पलीकडच्या दाराने आत बसले. गाडी बिचकत बिचकत फाटकाकडे निघाली. खिडकीवर हात ठेवून गियरवाला सोबत चालत होता. समोर एक सायकल आडवी आली, तशी काकूंनी गाडी अलगद थांबवली.

उस्तादांचा पाय त्याआधीच, जिथे ब्रेकच नव्हता तिथे, घट्ट दाबला गेला होता.