मेतोदी मास्तरांना क्षमा

मेल्या म्हशीला मणभर दूध. मेतोदी मास्तर गेले त्याला आज चाळीस दिवस झाले, आणि एवढ्यात आमच्या गावात त्यांचे इतके लाडके विद्यार्थी उगवले, की तेवढी पोरं त्यांनी जन्मात शिकवली नसतील. शाळेच्या दारावर, बसथांब्यावर, बेकरीच्या काचेवर, जिथे बघावं तिथे मास्तरांच्या फोटोची शोकपत्रकं. घरच्यांचं एक, शाळेचं एक, फुटबॉल क्लबचं एक. महापौर वेलिझारचं सगळ्यांत मोठं, आणि त्यात मास्तरांपेक्षा त्याचंच नाव ठळक.

हा वेलिझार आमच्या शाळेच्या टीमचा गोलकीपर. गोलकीपर कसला, उघडं फाटक! त्र्याऐंशी सालच्या फायनलला चार गोल खाल्ले आणि संध्याकाळी मास्तरांच्या खिडकीवर दगड मारायला हाच पुढे. का, तर गणितात नापास झालेल्या ल्युबेनला मास्तरांनी मॅचच्या दिवशी वर्गात बसवून ठेवलं म्हणून. ल्युबेन खेळला असता तर आपण जिंकलो असतो, असं गाव अजून म्हणतं. तो ल्युबेन म्हणजे मी.

गावाच्या या एका वाक्यावर मी एक्केचाळीस वर्षं काढली. नोकरी केली बसमध्ये तिकिटं तपासायची, पण खानावळीत राकियाची दारू कधी स्वतःच्या पैशाने प्यावी लागली नाही. "बिचारा! सोफियाच्या क्लबातून माणसं खास याला बघायला आली होती हो. मास्तराने वाट लावली पोराची." मी खाली मान घालून ग्लास रिकामा करायचो.

काल वेलिझार घरी टपकला. "ल्युबा, उद्या कबरीवर तू बोलायचंस. सगळ्यांदेखत गहू हातात घे आणि म्हण, देव त्यांना क्षमा करो. तू माफ केलंस की गावाने माफ केलं. टीव्हीवाले येतायत."

"आणि तू त्या दगडाबद्दल बोलणार का?"

"कसला दगड?" म्हणाला. लाज तर नाहीच, आठवणही नाही.

मयताच्या नावाने वाटलेले उकडलेले गहू घेताना 'देव क्षमा करो' हे वाक्य आम्ही सगळेच म्हणतो. कोणी त्याचा विचार करत नाही. मी मात्र रात्रभर केला. कारण फायनलच्या आधीच्या गुरुवारी मी मास्तरांच्या दारात उभा होतो. "सर, मला नापास करा," असं मीच म्हटलं होतं. सोफियाच्या लोकांसमोर माझी पोकळ मिजास उघडी पडणार, याचीच मला भीती होती. मास्तर म्हणाले, "बरं. पण बसून गणितं सोडवावी लागतील हं."

रविवारी तेही माझ्यासमोर वर्गात बसले. वीस वर्षांत एक मॅच न चुकवलेला माणूस! खिडकीतून मैदानाचा आरडाओरडा ऐकू येत होता. चार वेळा मैदान गप्प झालं आणि चारही वेळा त्यांचा खडू फळ्यावर थांबला. त्यांनी मला एका शब्दानेही विचारलं नाही. पुढे गावाने त्यांना तोंडावर शिव्या घातल्या, तरी कधी कोणाला सांगितलं नाही.

सकाळी कबरीवर वेलिझारने गळा काढला. "मास्तर हाडाचे खेळवेडे! रिटायर झाल्यावरसुद्धा घडीची खुर्ची घेऊन पोरांच्या सरावाला जायचे! एकच चूक झाली त्यांच्या हातून, आणि आज आपण मोठ्या मनाने..."

मोठं मन म्हणे! त्या मनात उंदीरसुद्धा मावला नसता.

दोन्का काकू, मास्तरांच्या पत्नी, गव्हाचा वाडगा घेऊन माझ्यासमोर आल्या. त्या गुरुवारी दार उघडलं होतं ते याच बाईने. त्यांनी माझ्या ओंजळीत गहू घातले. मी क्षमेचं ते वाक्य म्हटलं असतं, तर तो डाग मास्तरांच्या नावावर कायमचा राहिला असता. खरं सांगितलं, तर माझ्यापाशी उरला असता तो फक्त बसची तिकिटं टोचायचा चिमटा.

"मास्तरांची चूक नव्हती," मी म्हणालो. "मीच त्यांना नापास करायला सांगितलं होतं. मी घाबरलो होतो. मी कधीच एवढा चांगला खेळाडू नव्हतो."

वेलिझारने डोळ्यांना रुमाल लावला.

"बघा!" तो ओरडला. "बघा माणूस! मेलेल्याची अब्रू राखायला सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतोय! असा खेळाडू या गावाला पुन्हा मिळणार नाही!"

आणि स्मशानात टाळ्या पडल्या. बायका रडायला लागल्या. "अहो, खरंच सांगतोय," असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. टाळ्या ऐकल्या आणि मिटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

काकू हलल्या नव्हत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "क्षमेच्या रविवारी लहानांनी थोरांच्या दारी माफी मागायला जायचं असतं. मेतोदी दर वर्षी तुझ्यासाठी हलव्याचा तुकडा झाकून ठेवायचा. यंदाही ठेवला होता."

"मग?"

"मग काय. सोमवारी स्वतः खायचा. म्हणायचा, पोराची भीती अजून गेली नाही गं."

तेवढ्यात वेलिझारचा हात खांद्यावर पडला. "चल रे हिरो, आज राकिया माझ्याकडून."

गहू अजून तसेच मुठीत होते. मी त्याच्याबरोबर गेलो.