स्विचमधली पिन

स्विचमध्ये पुन्हा केसांची पिन! फोरमनचं डोकंच फिरलं. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसपुढचं गार्ड, ते खिडकीचं झाकण, उघडं असलं की मशीन चालताच कामा नये, एवढ्यासाठी तर तो स्विच बसवलेला. आणि या बायका पिन खुपसून त्याला गंडवायच्या, उघड्या गार्डमधून खुशाल हात घालायच्या. त्यात सगळ्यांत तरबेज कोण, तर त्याची सख्खी मेहुणी. त्यानेच तिला इथे चिकटवलेलं. "माझ्या बहिणीच्या बोटाला काही झालं, तर घरात पाऊल टाकू नका," असं बायकोने तेव्हाच बजावलं होतं, आणि ती बोलेल तसं करणारी बाई होती.

त्याने समजावलं, दम दिला, पिना जप्त केल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

"भाऊजी, कशाला तोंडाची वाफ दवडता?" मेहुणी म्हणाली. "या, बसा माझ्या जागेवर."

"बसतो की! त्यात काय मोठं?"

बसला. गार्डची खिडकी तेलाने, ओरखड्यांनी पार आंधळी झालेली. आत पत्रा नीट बसला की नाही, काही दिसेना. पेडल दाबावं, तर नग वाकडा. पुढचाही वाकडा. बायका तोंडाला हात लावून हसायला लागल्या. माल कमी पडला की यांच्यावरच तो खेकसायचा, आता त्यालाच घाम फुटला.

मग कोण जाणे कसं, खिशातली पिन त्याने स्वतःच स्विचमध्ये सारली. गार्ड उघडलं. अहाहा, किती सोपं! एक पत्रा जरा तिरका बसला, तो सरळ करायला त्याने बोटं आत घातली. पाय पेडलवरच होता.

मेहुणीने मनगट धरून हिसडा दिला. धाडकन ठोका पडला, नुसत्या पत्र्यावर.

आता कुणी हसलं नाही. फोरमन आपली बोटं बघत बसला. भ्यायला होता बिचारा, आणि लाजलाही होता.

मालकांची बोलणी खाऊन त्याने मशीन बंद ठेवलं, नवी स्वच्छ खिडकी बसवून घेतली, आत दिवाही लावला.

दुसऱ्या दिवशी सवयीने तो स्विचपाशी वाकला. पिन मेहुणीच्या केसांत होती.

"ताईने विचारलं तर काय सांगू, भाऊजी?"

"सांग, बोटं शाबूत आहेत."

"कुणाची?"

फोरमनने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "माझी," तो म्हणाला. "तुझ्यामुळे."