गोपनीय पत्ता

माझ्या घरात कितीजण राहतात हे कळल्याशिवाय सरकारला म्हणे झोप येत नव्हती. आला एक साहेब टॅबलेट घेऊन, थेट माझ्या शिलाई मशीनपाशी. आत भाची काजं-बटणं करत बसली होती. नवऱ्याने हात मोडला तेव्हा पळून माझ्याकडे आलेली. ती कुठे आहे हे त्या मेल्याला कळू नये, एवढंच आमचं मागणं.

"आत कोण? नाव, फोन, बोटांचे ठसे."

"नाही देत."

"लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कसली, मावशी?"

"मग तुमचा फोन द्या की उघडून! बघू काय काय आहे त्यात."

गुपचूप खिशात घातला फोन. वर मलाच दम, रकाना रिकामा राहिला तर वीज तुटेल. माझी मशीन विजेवर चालते. दिली माहिती, काय करणार?

दुसऱ्या दिवशी तडक त्यांच्या कचेरीत गेले. खिडकीमागची पोरगी मात्र भारी गोड. "अहो, सोय आहे ना! पत्ता गोपनीय ठेवायचा अर्ज करा." भाचीच्या नावाने अर्ज भरला. पोरीने कारण विचारलं. 'नवऱ्यापासून जिवाला धोका' असं मी स्वच्छ अक्षरात लिहिलं. तिने तीन शिक्के हाणले, कीबोर्ड बडवला.

"झालं! आता पत्ता कुण्णाकुण्णाला दिसणार नाही. कुटुंबप्रमुखांना तसं कळवलंय."

"कोण कुटुंबप्रमुख?"

"नवराच ना. नियम आहे."

"काय कळवलंस? वाच."

तिने वाचलं, "आपल्या पत्नीचा पुढील पत्ता गोपनीय करण्यात आला आहे." आणि खाली गल्ली, मजला, दाराचा नंबर. सगळं अगदी बिनचूक.

"अगं बये, पत्ताच लिहिलास की!"

"मग? कुठला पत्ता गोपनीय केला ते सांगायला नको?" बाईसाहेबांना रागच आला.

"मागे घे तो मेसेज!"

"आता कसा घेणार? त्यांनी वाचलासुद्धा."

धापा टाकत घरी आले. भाचीने ऐकलं, सुई कापडातच खोचली आणि बॅग भरायला घेतली. एका हाताला अजून जोर नव्हता, चेन मी लावून दिली. जिन्यात ती थांबली, म्हणाली, "मावशी, मी जातेय कुठे माहितीये..."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, "मला सांगू नकोस."