आडनाव न विचारणारी सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. अंगावर निळे-पांढरे पट्टे, एका कोपऱ्यात चहाचा डाग आणि दुसरा कोपरा उंदराने खाल्लेला. संगमनेरच्या हातमागावर जन्मले तेव्हा एखाद्या लग्नाच्या मांडवात मिरवावे असे फार मनात होते. नशिबात आले नेवासा तालुक्यातले एक कॉलेज.

वीस वर्षांपूर्वी तिथल्या काही बौद्ध मुलामुलींनी मला आणले. कॉलेजात कुणीही नवा भेटला की त्यांना पहिला प्रश्न आडनावाचा यायचा आणि उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा बदलायचा. म्हणून त्यांनी 'उजेड मंडळ' काढले. दर शनिवारी ग्रंथालयामागच्या खोलीत मला अंथरायचे. नियम एकच. इथे कुणी कुणाचे आडनाव विचारायचे नाही, घरची चौकशी करायची नाही. नाव सांगा, बसा, डबा उघडा. माझ्यावर बसून मुलांनी शिष्यवृत्तीचे अर्ज भरले, भाषणे घोकली, थोरल्यांची पुस्तके धाकट्यांनी नेली. वर्गात तोंड न उघडणारी मुले इथे तावातावाने वाद घालायची. मला त्या नियमाचा भारी अभिमान होता. तो नियमच एकदा आमच्या अंगाशी आला.

गेल्या वर्षी माधुरी नावाची मुलगी मंडळात आली. बोलायला लागली की थांबायची नाही. दिवाळीनंतर मात्र ती यायचीच बंद झाली. एक शनिवार गेला, दोन गेले, चार गेले. मंडळाचा अध्यक्ष सम्राट मनातून खजील होता, कारण शेवटच्या बैठकीत त्याने तिचे भाषण मध्येच तोडले होते.

"रागावली असंल," तो म्हणाला. "पन घरी कसं जायचं? आपल्यात चौकशी करत न्हाईत."

परीक्षेचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस उजाडला. माधुरीने अर्ज भरलाच नव्हता. संध्याकाळी पाचपर्यंत भरला नाही, तर तिची परीक्षा बुडणार होती. तेव्हा तिच्या वर्गातली दीपा ताडकन उठली.

"पोरगी महिनाभर दिसत न्हाई आन् आमी नियम पाळत बसलोय. लई शहाणे आपन!"

सम्राटने मोटरसायकल काढली. तिची सीट फाटलेली, म्हणून माझी घडी करून वर टाकली आणि दीपा मागे बसली. लग्नाचा मांडव राहिला बाजूला, माझ्या नशिबी ही स्वारी! माधुरीच्या गावी शेजारणीने सांगितले की घराला कुलूप आहे, सगळी ऊस तोडायला गेली. मग आम्ही विचारत विचारत फड गाठला.

माधुरी तिच्या वडिलांच्या, सहादूच्या, बरोबरीने उसाच्या मोळ्या बांधत होती. तिची आई भिमाबाई खोपटापाशी बसली होती. तिच्या हाताला प्लास्टर होते. आई पडली, हात मोडला आणि तिच्या जागी लेक उभी राहिली.

"सांगायचं तरी," सम्राट म्हणाला.

"तुमी विचारलंच न्हाई," माधुरी म्हणाली. "मला वाटलं, कुनाला माझी आठवनच न्हाई."

एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मला बांधावर अंथरले. अर्ज मोबाईलवर भरायचा, आणि फडात रेंज नाही. शेवटी माधुरी भरलेल्या ट्रॅक्टरवर चढली. खालून दीपा स्वतःच्या अर्जावरून विषयांचा एकेक क्रमांक ओरडून सांगत होती. साडेचार झाले. सम्राट नखे खात होता.

"भरला!" वरून माधुरी ओरडली.

भिमाबाईने चांगल्या हाताने डोळे पुसले. "मला वाटलं, पोरीचं शिक्षान उसातच गेलं." सहादूने हातातली मोळी खाली टाकली. मग म्हणाला, "मेव्हन्याला बोलवून घेतो तिच्या जागी कोयत्यावर. पोरगी तुमी न्या." काय सांगू मित्रांनो, माझा जीव केवढा भांड्यात पडला!

माधुरी परीक्षेला बसली, पास झाली आणि आता पुन्हा कुणाला बोलू देत नाही. आडनाव आजही आम्ही विचारत नाही. पण कुणी दोन शनिवार आले नाही, तर तिसऱ्याच्या आत सम्राट मला सीटवर टाकतो. माझी हाडे खिळखिळी होतात, तरी मी तक्रार करत नाही.

मित्रांनो, मला झटका, उन्हात घाला, एवढे मी या वयात मागणारच. पण त्याआधी माझ्यावर कोण बसलेले नाही ते बघा आणि त्याच्या दारात जा. तुम्ही विचारत नाही म्हणून तो सांगत नसेल.