घटकागुरू हात कुठे दाबतो

रविवारी सकाळी आमच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरची जिम इतकी भरायची, की माणसं जिन्यात उभी राहून आत डोकावायची. व्यायामासाठी नव्हे, चमत्कार बघायला. आरशाच्या भिंतीसमोर एक धट्टाकट्टा माणूस उभा असायचा, अंगात घट्ट टी-शर्ट, गळ्यात स्टॉपवॉच. त्याला सगळे कोच म्हणायचे. मी त्याला घटकागुरू म्हणते, आणि हे मी फार सभ्यपणे बोलतेय असं समजा.

"दादा, तुम्ही या पुढे," तो गर्दीतून कुणालातरी बोलवायचा. "हात आडवा धरा, खांद्याच्या रेषेत. मी खाली दाबतो, तुम्ही अडवायचं."

पहिल्यांदा हात हलायचा नाही. मग घटकागुरू त्या माणसाच्या दुसऱ्या हातात केळं द्यायचा. "दादांनी अजून वजनं उचललेली नाहीत. म्हणजे खायची घटका आलेली नाही. आता बघा हं." दोन बोटांनी दाबलं की हात धाडकन खाली. लोकांचा आ वासलेला. मग केळ्याऐवजी तो विकायचा त्या प्रथिनांच्या पावडरीचा डबा यायचा, पुन्हा दाब, आणि हात जागच्या जागी.

"मी काही बोलत नाही, शरीर बोलतं," तो छातीवर हात ठेवून सांगायचा. "वजनं उचलून झाली की स्नायूचं दार उघडतं. ती सुवर्णघटका. तेवढ्यात माझी पावडर आत गेली तर सोनं. दार लागलं की मग खाल ते विष. आणि धावण्याआधी पोटात कण जरी गेला, तरी त्याची चरबीच होणार. ब्रह्मदेव आला तरी चुकायचं नाही."

दार म्हणे. स्नायूला दार, दाराला कडी, आणि कडी काढायचा मान या पठ्ठ्याचा. बरं, ऐकणारे काही अडाणी नव्हते. बँकेतले होते, शाळेतले होते, कोपऱ्यावरचा औषधवालाही होता. सगळे नंदीबैलासारखे माना डोलवायचे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणसांचे हात दाबून बघणं हे माझं रोजचं काम. पडलेल्या, ऑपरेशन झालेल्या माणसाच्या खांद्यात किती जोर उरलाय, हे आम्ही असंच तपासतो. आमचीच तपासणी उचलून या माणसाने तिचं दुकान मांडलं होतं. त्याची लबाडी मला पहिल्याच रविवारी कळली. माझ्या धाकट्या भावाला मात्र ती कळून घ्यायचीच नव्हती.

धाकट्याला लहानपणापासून मधुमेह आहे. रोज इन्सुलिन टोचून घेतो आणि गोदामात मालाची चढउतार बघतो. आम्ही घरच्यांनी त्याला आयुष्यभर एकच शब्द ऐकवला, जप. घटकागुरूने त्याला पहिल्यांदा सांगितलं की तू वाघ आहेस. कुणाला आवडणार नाही हो ते?

साखर एकदम उतरली तर खायला म्हणून धाकटा खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवायचा. मग वाघाच्या हातात त्याच गोळ्या देऊन हात दाबला गेला. अर्थातच पडला. "बघ, तुझ्या शरीरालाच ही साखर नकोय," गुरू म्हणाला. त्या दिवसापासून गोळ्या घरी राहिल्या, आणि धावण्याआधीचं खाणंही बंद झालं. इन्सुलिन साखर खाली आणतं, धावणंही खाली आणतं, आणि पोटात काही नाही. मी भांडले, रडले, डॉक्टरांचा धाक घातला. "ताई, तू ना, मला पेशंटच ठेवणार," एवढंच त्याचं उत्तर.

एका संध्याकाळी जिममधली एक मुलगी धापा टाकत खाली माझ्याकडे आली. "लवकर वर चला. तुमचा भाऊ कसंतरीच करतोय."

धाकटा ट्रेडमिलशेजारी जमिनीवर बसला होता. घामाने चिंब. हात थरथरत होते आणि तो समोर बघून म्हणत होता, "ट्रक मागे घ्या, ट्रक मागे घ्या." भोवती कडं करून माणसं उभी. त्या मुलीने मघाशी आपली फळांच्या रसाची बाटली पुढे केली होती, ती औषधवाल्याने अडवून धरली होती. औषध विकणाऱ्या माणसाने. "कोच म्हणतात, विष बाहेर पडतंय. घटका बंद असताना साखर नको," असं तो मला समजावत होता. आणि घटकागुरू शेजारी उभा राहून स्टॉपवॉच बघत होता.

मी बाटली हिसकावली. "गिळता येतंय ना? गीळ. अजून एक घोट. गीळ म्हणते ना." घोटाघोटाने रस पोटात गेला. बऱ्याच वेळाने त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि ताई म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवशी हा आमचा धाकटा शहाणा मला काय म्हणाला? "तू मध्ये पडलीस, म्हणून शरीराची शुद्धी अर्धवट राहिली." हात शिवशिवले माझे. पण मारून हे भूत उतरणार नव्हतं.

रविवारी मी सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. "कोच, माझ्या भावावर करून दाखवा. फक्त वस्तू मोज्यात घालून. एका मोज्यात तुमची पावडर, दुसऱ्यात ग्लुकोज, वजन सारखं. ही मुलगी आतल्या खोलीत भरून आणेल. कशात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, त्याला नाही आणि मलाही नाही."

"ऊर्जा कापडातून जात नाही, मॅडम."

"डब्याच्या जाड प्लास्टिकमधून जाते आणि मोज्यातून जात नाही? धुतलेले मोजे आहेत हो."

जिन्यातले लोक हसले. गुरूचा चेहरा उतरला. तेवढ्यात धाकटाच म्हणाला, "करा ना सर. तुमचंच बरोबर निघेल." त्याच्या आवाजातला तो विश्वास ऐकून मला भडभडून आलं.

पहिल्या मोज्याला हात पडला. "ग्लुकोज. विष," गुरूने जाहीर केलं. मुलीने मोजा उलटा केला, तर त्यातून त्याचीच पावडर निघाली. पुढच्या खेपेला ज्या मोज्याला हात टिकला, त्यात ग्लुकोज होतं. मग एकदा बरोबर आलं, मग परत चुकलं. नाणं उडवलं असतं तरी इतपत जमलं असतं.

"आता माझा चमत्कार बघा," मी म्हणाले. धाकट्याच्या एका हातात पावडरीचा डबा दिला, दुसरा आडवा धरायला लावला आणि मनगटावर दाबला. पडला. मग डबा काढून ग्लुकोज दिलं आणि कोपराच्या जरा अलीकडे, खांद्याच्या बाजूला दाबलं. हात हलला नाही. "वस्तूचा काही संबंध नाही. मी जागा बदलली. खांद्यापासून जितकं लांब दाबाल, तितका हात सहज पडतो. हा माणूस केळ्याला मनगट दाबतो आणि डब्याला कोपराजवळ. शिवाय तुम्ही जोर लावायच्या आत दाबतो. आणि हात पडणार हे त्याने आधीच सांगितलेलं असतं, म्हणून अर्धा जोर तुम्हीच सोडता."

मग काय, जो तो शेजाऱ्याचा हात दाबायला लागला. औषधवाल्याने स्वतःचा हात दोनदा पाडून घेतला आणि खाली बघत उभा राहिला.

"बरं, असेल," घटकागुरू स्टॉपवॉच काढून ठेवत म्हणाला. "मी चांगल्याच भावनेने करत होतो. कुणाचं काही नुकसान तर झालं नाही ना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटा बोलला. "सर, साखर उतरली की मला कळतं. लहानपणापासून कळतं. त्या दिवशीही कळत होतं. जीभ जड झाली होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. बाटली समोर दिसत होती. मी मागितली नाही. तुमच्यासमोर कमजोर दिसायला नको म्हणून. मी मेलो असतो सर, आणि तरी मागितली नसती."

मला आजही ते वाक्य आठवलं की संताप येतो, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आता सरळ सांगते. दिवसभरात पुरेसं प्रथिन पोटात गेलं आणि व्यायाम नियमित असला, की स्नायू बनतात. व्यायामाआधी जेवा नाहीतर नंतर, थोडं इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही. खूप वेळ धावायचं असेल तर आधी थोडं खाल्लेलं बरं. इन्सुलिन घेत असाल तर डॉक्टरांना विचारून, साखर तपासून, गोड काहीतरी जवळ ठेवूनच धावा. आणि भोवळ येत असताना जो तुम्हाला खायचं थांब म्हणतो, त्याचं ऐकू नका. आधी खा, आणि मग सगळ्यांदेखत त्याला जाब विचारा.